टाक्यावरचे नाव

कोकणातल्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढू लागले की माथ्याच्या थोडे अलीकडे कातळात खोदलेले एक लेणे लागते. सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख इथलाच. दोन बाजूंच्या भिंतींवर यज्ञांची यादी आहे, त्या यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे आहेत. मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, त्यांची आता जेमतेम पावले आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. इतिहासाची पुस्तके या लेखापाशी थांबतात आणि थांबायलाच हवे, कारण आपल्याकडच्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांपैकी बरीच इथे आहेत. पण याच घाटात पाण्याच्या टाक्यांपाशी दोन आखूड लेखही आहेत. एकात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचे लिहिले आहे. दुसऱ्यात कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने तसेच टाके दिल्याची नोंद आहे. राणीने हजारोंनी दिले ते यज्ञ करणाऱ्यांना, या दोघांनी दिले ते घाट चढून घसा कोरडा पडलेल्यांना. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारा सगळा व्यापार काही शतके या अरुंद नाळेतून वर चढत होता. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले त्याच्यावर नजर ठेवून बसले. या वाटेने किती माणसे गेली, कुठून कुठे गेली, किती दिवसांत मजल मारली, याचा हिशोब घाटाने ठेवलेला नाही. चालणारे निनावी गेले आणि त्यांना पाणी देणाऱ्यांची नावे मात्र गावासकट राहिली.

आज दूर पल्ल्याच्या सायकल प्रवासाची नोंद नेमकी याच्या उलट ठेवली जाते. सायकल चालवणाऱ्याचे नाव, किलोमीटर, तास, मिनिटे, चढलेली उंची, अगदी नाडीचे ठोकेसुद्धा मोबाइलमध्ये साठतात. मागून गाडी हाकणारा मित्र, रात्री दोन वाजता ट्यूब बदलून देणारा भाऊ, पंधरा दिवस दुकान किंवा दवाखाना सांभाळणारा भागीदार, घरात मुलांची शाळा आणि सासऱ्यांची औषधे पाहणारी बायको, हे सगळे ‘मित्रपरिवाराच्या सहकार्याने’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. हा फरक केवळ शिष्टाचाराचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे आहे की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून गेलेल्या, आणि इथून बाहेर पडलेल्या, दूरच्या वाटांचा दोन हजार वर्षांचा पुरावा एकत्र मांडला तर जुनी नोंद नव्या नोंदीपेक्षा वस्तुस्थितीच्या जवळ जाते. दूरचा प्रवास हे इथे कधीच एका माणसाचे काम नव्हते. बदलत गेले ते एवढेच, की त्या कामातला कोणता वाटा मोजायचा आणि कोणता सोडून द्यायचा. सायकलीच्या जगात ‘सपोर्टेड’ (मागे मदतीची गाडी) आणि ‘सेल्फ-सपोर्टेड’ (सगळे स्वतःच) असा जो वाद चालतो, तोही या बदललेल्या मोजमापाचाच एक भाग आहे.

पुरावा जुन्नरच्या डोंगरांत भरपूर आहे. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात इतरत्र क्वचितच सापडतील. त्यांतले लेख वाचले की देणाऱ्यांची जंत्रीच हाती येते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिले. बांबूचे काम करणारे आणि काशाचे काम करणारे यांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी होत्या. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली आणि चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. मानमोडीवर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने शेचाळिसाव्या वर्षी टाके आणि मंडप दिल्याचे कोरले आहे. शेतजमिनीची दाने आहेत, करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी दिलेल्या जमिनी आहेत. या यादीत धर्मभावना किती आणि व्यापारी धोरण किती याचे प्रमाण ठरवत बसण्यापेक्षा काय दिले ते पाहावे. पाणी, निवारा, जेवण, सावली. दूरच्या वाटेवर माणसाला जे जे लागते ते ते, आणि देणाऱ्यांत कल्याणचा माणूस आहे, समुद्रापलीकडून आलेले यवन आहेत, म्हणजे ज्यांना ही वाट तुडवावी लागत होती असे लोक आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही दाने भिक्षुसंघाला होती, वाटसरूंना नव्हती. पुण्य मिळावे म्हणून दिलेल्या दानाला प्रवासातला आधार म्हणणे हा नंतरच्या माणसाने लादलेला अर्थ झाला. जुन्नर गावाभोवतीच्या लेण्यांपुरता हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागतो. चिटाच्या भोजनमंडपात कोण जेवायला बसत असे, तर आधी भिक्षूच. पण नाणेघाटातल्या टाक्यांना तो लागू पडत नाही. तिथे भिक्षूंची वस्ती असलेला विहार नाही, वर्षावासासाठी खोदलेल्या खोल्यांच्या रांगा नाहीत. राजघराण्याचे ते लेणे आणि त्याच्या आजूबाजूला टाकी, एवढेच. खिंडीच्या ऐन चढावर खोदलेले पाणी चढणाऱ्यांसाठीच असते. दुसरे असे, की विहार वाटांच्या कडेने का उभे राहिले याचे उत्तर त्या काळच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच देऊन ठेवले आहे. ते आपली दाने आपापल्या गावी न देता घाटाच्या तोंडाशी आणि घाटमाथ्यावरच्या बाजारपेठेत देत होते. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टाके ज्याने दिले त्याचे नाव आहे, ज्याने छिन्नी चालवून ते खोदले त्याचे नाही. जुनी नोंद नव्या नोंदीपेक्षा खरी, असे मी म्हणतो तेव्हा ती पूर्ण आहे असे म्हणत नाही. तिनेही आपल्या सोयीची माणसे निवडली. फक्त तिची निवड आपल्या निवडीपेक्षा वेगळी होती, आणि पाणी देणे ही चारचौघांत मिरवण्याची गोष्ट आहे असे मानणारा समाज तिच्यामागे होता.

संस्थेचा हा आधार नसला की एकट्या प्रवाशाचे काय होते, याची साक्षही जुन्नरनेच दिली आहे. पंधराव्या शतकात बहमनी राज्यात रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी चौल बंदरात उतरला आणि घोडा घेऊन तीन-साडेतीन आठवड्यांत जुन्नरला पोहोचला. हा घोडा त्याने समुद्रावरून आणला होता, विकून फायदा होईल या आशेने. इथे पावसाने त्याला अडकवले; चिखल आणि सतत कोसळणारे पाणी यांच्याविषयी त्याने लिहिलेले वाचताना जुन्नरच्या आजच्या माणसालाही हसू येईल. त्याने आपल्या टिपणात धर्मशाळांचाही उल्लेख केला आहे, जिथे परदेशी व्यापाऱ्याला उतरायला जागा मिळते आणि घरातल्या बायका त्याचा स्वयंपाक करतात. (त्यापुढे तो जे लिहितो ते इथे सोडून देऊ, दूरदेशीच्या प्रवाशांना अशा गोष्टी सांगायला नेहमीच आवडते.) मग जुन्नरच्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो, असे सांगून चार दिवसांची मुदत घातली. निकितीनची सुटका झाली ती खुरासानच्या महंमद नावाच्या ओळखीच्या माणसाने खानापुढे जाऊन रदबदली केली म्हणून. या प्रसंगात दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. वाटेवरची सत्ता ही आधारही असते आणि अडसरही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते, आणि ती खरी असेल तर पाण्याच्या टाक्यापासून काही पावलांवरच वसुलीही होती. आणि जिथे संस्था हात देत नाही तिथे एक ओळखीचा माणूस सगळा भार उचलतो. निकितीनने त्याचे नाव लिहून ठेवले, हा त्याचा मोठेपणा. आज निकितीनच्या नावाने स्मारके आहेत. महंमद त्याच्या पानांतच राहिला.

जुन्नरच्या वाटेचे महत्त्व उतरले ते इंग्रजी राजवटीत. बोरघाटात गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, त्याच घाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर आली आणि थळघाटातून १८६५ मध्ये. नाणेघाट मात्र होता तसाच पायऱ्यांचा, बैलांच्या पाठीवरून माल नेण्याचा मार्ग राहिला. आजही त्यातून सायकल चढवायची तर ती खांद्यावर घ्यावी लागते. ज्या रेल्वेने जुन्नरची वाट ओस पाडली तिनेच या डोंगराळ तालुक्यांतली माणसे मुंबईला नेण्याची सोय केली. पश्चिमेकडचा पाऊस उदंड, पण जमीन उताराची आणि पीक भातनाचणीचे; वर्षभराची बेगमी त्यातून होत नव्हती. घोड नदीच्या खोऱ्यातले आणि भीमाशंकरच्या डोंगरातले तरुण गिरण्यांत, गोदीत, बाजारात हमालीला गेले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा त्यांतलाच एक. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन त्याने प्राण दिला, आणि डिंभे धरणाच्या जलाशयाला आता त्याचे नाव आहे. गावात राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि लहान मुले. भाताची लावणी त्यांनी केली, गुरे त्यांनी राखली, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते त्यांनी ओढले. मुंबईच्या गिरणीकामगारांवर ग्रंथ लिहिले गेले. त्यांच्या मागे गावात चाललेल्या या बिनपगारी कामाची नोंद करताना मात्र इतिहासाचा हात आखडला.

याच माणसांतून मुंबईचे डबेवाले घडले, आणि सायकल या हकिकतीत खऱ्या अर्थाने शिरते ती त्यांच्यामुळे. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केले असे मानले जाते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या पट्ट्यातल्या गावांतून माणसे येत गेली, नातेवाइकाने नातेवाइकाला आणले आणि १९५६ साली त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला. करोनापूर्वी साधारण पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या घरात डबे पोहोचवत. काम आतून कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. सकाळी एक जण सायकलीवरून घरोघर फिरून डबे गोळा करतो. दांडीला, हँडलला, कॅरिअरला डबे अडकवून तो स्टेशन गाठतो. तिथे डब्यांच्या झाकणावरच्या रंगीत खुणा आणि आकडे पाहून वाटणी होते, डबे रचलेली लाकडी घोडी डोक्यावर चढते आणि लोकल पकडली जाते. दुसऱ्या टोकाला पुन्हा वाटणी आणि पुन्हा सायकल किंवा हातगाडी. दुपारी साडेबारा-एकच्या आत डबा मालकाच्या टेबलावर असतो, आणि तो रिकामा झाला की हीच सगळी साखळी उलटी चालते. या धंद्यात शिरणाऱ्याने स्वतःचे भांडवल म्हणून दोन सायकली आणायच्या, लाकडी घोडी आणायची, पांढरा सदरा-लेंगा आणि टोपी आणायची, अशी रीत आहे. दोन सायकली का, हे ज्याने सकाळी दहा वाजता दादरला पंक्चर काढले असेल त्याला सांगावे लागणार नाही. मुकादमाच्या हाताखालच्या प्रत्येक टोळीत जादा माणसेही असतात. एखादा आजारी पडला, कुणाच्या घरी लग्न निघाले तर त्याची लाइन दुसरा उचलतो. परदेशात या कामातल्या चुकांचे प्रमाण सांगितले गेले आणि त्याचे फार कौतुक झाले. ते मोजमाप कितपत खरे हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या कौतुकात एक गोष्ट हरवली. इथे आधार देण्याची व्यवस्था हेच मुळात काम आहे. वाटेवरचा माणूस आणि त्याला हात देणारा माणूस असे दोन वेगळे माणूस इथे नाहीत.

यावर कोणी म्हणेल की डबेवाला काही दूर पल्ल्याचा सायकलस्वार नव्हे. त्याचा रोजचा फेरा काही किलोमीटरांचा, तोही पगारासाठी. साहसाशी त्याचा काय संबंध? एकेका माणसाचे अंतर मोजले तर हे खरे. पण डब्याचे अंतर मोजले तर विरार-कल्याणपासून दक्षिण मुंबईपर्यंत जाऊन परत येणे म्हणजे शंभर किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास, आणि तो रोजचा. तो एकाने केला नाही म्हणून लांबचा नाही असे म्हणता येत नाही, तो वाटून केला एवढेच. मजुरीचा मुद्दा अधिक नाजूक आहे. मित्राने मायेने भरून दिलेली पाण्याची बाटली आणि पैसे घेऊन पोहोचवलेला डबा यांना एकाच मापाने मोजणे हे मायेचा आणि मजुरीचा, दोघांचाही अपमान करण्यासारखे आहे, असा तो आक्षेप. त्याचे उत्तर सायकलीच्या नियमांतच सापडते, म्हणून तिकडे वळले पाहिजे.

टूर द फ्रान्स ही शर्यत सुरुवातीच्या वर्षांत एकट्याच्या पराक्रमावर भर देणारी होती. बिघाड झाला तर स्वाराने स्वतःच दुरुस्त करायचा, कुणाची मदत घ्यायची नाही. १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले घाटात युजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा काटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीत शिरला आणि स्वतःच्या हाताने काटा जोडला. पंच तिथे उभे राहून पाहत होते. हातोडा त्याने चालवला, तापवणे-ठोकणे त्याने केले, पण भाता मात्र तिथल्या एका पोराने ओढला. त्या पोराच्या मदतीबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला, पुढे तो कमी करण्यात आला. ही गोष्ट एकट्याच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात. मला ती नियमाच्या दृष्टिदोषाचे उदाहरण वाटते. भट्टी लोहाराची होती, लोखंड त्याचे होते, कोळसा त्याचा होता. ते सगळे पंचांनी चालवून घेतले. दिसला तो भात्यावरचा हात.

आजचा नियम तितका कडक नाही, पण त्याची नजर तीच आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हा १८९१ मध्ये सुरू झालेला प्रवास आता बाराशे किलोमीटरांचा असतो आणि नव्वद तासांत पुरा करावा लागतो. त्याच धाटणीचे दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरांचे ब्रेव्हे आपल्याकडे नियमाने होतात. दोनशेला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. पुण्याहून निघून खेड, मंचर, नारायणगाव करीत आळेफाट्याला जाऊन परत आले की दोनशेच्या आसपास किलोमीटर भरतात. ब्रेव्हेत मित्राची मदत फक्त ठरावीक नियंत्रण केंद्रांवर चालते, मधल्या वाटेवर मित्राची गाडी दिसता कामा नये. मात्र मंचरला टपरीवर चहा घ्या, नारायणगावला मिसळ खा, सायकल मार्टमध्ये पंक्चर काढून घ्या, त्याला हरकत नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेली मदत मदतीत धरायची नाही, आणि फुकट मिळालेली धरायची. शर्यतीला किंवा चाचणीला असा नियम लागतो, हे मला मान्य आहे. दोघांची बरोबरी करायची तर दोघांना सारखेच हवे, आणि ज्याच्यामागे गाडी आहे व ज्याच्यामागे नाही यांना एका रांगेत बसवणे अन्याय आहे. पण हा न्याय स्पर्धेतला झाला. त्यावरून ‘मी कुणाच्या आधाराविना गेलो’ असा निष्कर्ष काढणे हे वेगळे, आणि गडबड तिथे होते. पहाटे चार वाजता टपरीची चूल पेटवणाऱ्याला दहा रुपये दिले म्हणून तो वाटेवर नव्हता असे होत नाही. मजुरीच्या आक्षेपाला माझे उत्तर हेच आहे. माया आणि मजुरी एक नाहीत, पण वाटसरूची गरज दोन्हीपुढे सारखीच असते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही टाके दिले तेव्हा निव्वळ माया केली नसणार.

उलट बाजूने, ज्यांनी आधार लपवला नाही त्यांचे प्रवास कमी मोलाचे ठरले असेही दिसत नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाची फेरी करायला निघाले. १९२८ च्या मार्चमध्ये आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर करून परतले. उरलेले तिघे वाटेत गळाले होते. व्यायामशाळेतली दोस्ती हेच त्यांचे पहिले भांडवल. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळजवळ अठ्ठेचाळीसशे किलोमीटरांची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ होते. तिच्यात सपोर्ट क्रू हा नियमाचाच भाग आहे. रात्री स्वाराच्या मागे गाडी असलीच पाहिजे. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. ‘एकेकट्याने’ हा निकालपत्रातला शब्द आहे. त्या प्रत्येक एकट्याच्या मागे गाड्या होत्या, चालक होते, त्याला कधी खायला घालायचे, किती वेळ झोपू द्यायचे हे घड्याळ पाहून ठरवणारी माणसे होती. शर्यतीच्या संघटकांना हे ठाऊक आहे, म्हणून तर तसा नियम आहे. विसर पडतो तो बातमी लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला.

आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या चालत्या प्रवासाने हा विसर पडू दिलेला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पंढरीच्या वारीत कुठला वारकरी किती वेगाने चालला याची नोंद नसते. दिंडीचा क्रमांक असतो, मुक्कामाचे गाव ठरलेले असते, कोणत्या गावाने कोणत्या दिवशी पंगत द्यायची हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते, आणि माउलींचे अश्व दरवर्षी अंकलीच्या शितोळे सरकारांकडून यायचे असतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली ती मुख्यतः कोण काय पुरवणार याची शिस्त आहे. डबेवाल्यांतले बहुतेक जण याच परंपरेतले, माळ घातलेले. त्यांच्या ट्रस्टने कमाईतून आळंदी, जेजुरी आणि भीमाशंकर इथे धर्मशाळा बांधल्या. कोकणपट्टीवर, बंदराच्या गावात, पैसा मिळवायचा आणि सह्याद्रीच्या माथ्यावर वाटसरूंच्या निवाऱ्यासाठी तो खर्च करायचा, हा व्यवहार सोपाऱ्याच्या गोविंददासाने केला होता आणि त्यानंतर दोन हजार वर्षांनी जुन्नर-आंबेगावच्या सायकलवाल्यांनीही केला. या दोन टोकांच्या मधे सलग परंपरा आहे असा दावा मी करणार नाही. डबेवाल्यांनी ब्राह्मी लेख वाचून धर्मशाळा बांधल्या नाहीत. पण एकाच वाटेवरच्या एकाच गरजेला दोन काळांतल्या माणसांनी एकच उत्तर दिले, आणि डोंगर, पाऊस, अंतर तेच असल्यामुळे दुसरे उत्तर फारसे शक्यही नव्हते.

चैत्रात गावच्या यात्रा येतात तेव्हा डबेवाले पाच-सहा दिवसांची सुट्टी घेतात आणि मुंबईतली कार्यालये त्या दिवसांत आपल्या जेवणाचे दुसरे काही पाहतात. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा सुट्टी घ्यायची पाळीच आली नाही. सायकली चाळींच्या जिन्याखाली साखळीने बांधून ठेवून बरेच जण जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या आपापल्या गावी परतले. पुढचे कित्येक महिने त्यांना पोसले ते तिथल्या शेतांनी, आणि ती शेते एवढी वर्षे कोण कसत होते हे सात-बाराच्या उताऱ्यावरून कळत नाही. त्यावर बहुतेक ठिकाणी मुंबईला गेलेल्याचेच नाव आहे.